अ‍ॅडल्ट आयसीयूमधून एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) किंवा पीआयसीयूला (मोठ्या मुलांचा आयसीयू) जायचंय, जुना अनुभव धरतात का?

रातपाळी_नाशिक
नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली), नाशिकला एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत बरीच वर्षं आहे. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, डायलिसिसचे पेशंट सगळं करते. पण मला लहान मुलांकडेच जायचं होतं, पास झाल्यावर जिथे जागा मिळाली तिथे लागले आणि तिथेच राहिले. आता रिलीव्हर म्हणून कधी पीडियाट्रिक वॉर्डला पाठवतात ना तेव्हा ड्युटी संपली तरी पाय निघत नाही. आधी कोर्स करू का डायरेक्ट अप्लाय करू? एनआयसीयू का पीआयसीयू? आणि घरचे म्हणतात तुला लहान मुलांचं बघवणार नाही, ते खरंच तसं असतं का?

वॉर्मरवाली_ताई
या सिस्टर, नक्की या, आयसीयूतून आलेली मुलगी आम्हाला हवीच असते कारण अलार्म वाजला की ती घाबरत नाही आणि हँडओव्हर नीट देते. पण काही सवयी बदलाव्या लागतात त्या आधीच सांगते. तिकडे सॅच्युरेशन 91 दिसलं की हात आपोआप ऑक्सिजन वाढवायला जातो, इथे दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ ऑक्सिजनवर असेल तर आपण 90 ते 95 मध्येच ठेवतो, 100 दिसलं तर खूश व्हायचं नाही, ऑक्सिजन कमी करायचा, कारण जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते, आरओपी म्हणतात ते.

दुसरं म्हणजे एमएलचा हिशोब. दीड किलोचं बाळ, पहिल्या दिवशी किलोला 80 एमएल द्रव धरलं तर 24 तासांत 120 एमएल, म्हणजे तासाला फक्त 5. अँटिबायोटिक दिल्यावर लाइन फ्लश करतो ते पाणीसुद्धा चार्टवर लिहायचं. आणि रक्त! एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80-90 एमएल रक्त असतं, अर्धा कप चहाएवढं, म्हणून प्रत्येक सॅम्पल काढताना दोनदा विचार करायचा, लॅबशी भांडायचं की एवढ्याशा रक्तात रिपोर्ट द्या म्हणून. मला तर हे काम यासाठीच आवडतं, इथे काहीच अंदाजाने चालत नाही.

ब्रदर_पीआयसीयू
ताईंचं बरोबर आहे पण माझं मत विचाराल तर आधी पीआयसीयू बघा. व्हेंटिलेटर, इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं), डेंगू शॉक, स्टेटस (न थांबणारी फिट) हे सगळं तुमच्या ओळखीचं, फक्त मूल लहान. मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मुलांचं बीपी शेवटी पडतं. शॉकमध्ये असलं तरी मूल बराच वेळ बीपी टिकवून धरतं, नाडी वाढवतं, हातपाय गार पडतात, कॅपिलरी रिफिल लांबते (त्वचा दाबून सोडली की रंग परतायला वेळ लागतो), चिडचिड करतं किंवा एकदम गप्प होतं, आणि बीपी पडलं की मग हातात वेळ उरत नाही. पाच वर्षांच्या मुलाचं वरचं बीपी 80 च्या खाली म्हणजे धोका (70 अधिक वयाची दुप्पट, दहा वर्षांपर्यंत हेच सूत्र) पण त्या आकड्याची वाट बघत बसायचं नाही. मोठ्यांमध्ये हार्ट बंद पडतं ते बऱ्याचदा हार्टमुळेच, मुलांमध्ये आधी श्वास जातो मग हार्ट, म्हणून नाडी मंदावली की पहिला हात अँबूकडे (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी).

आणि डोस. 12 किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ म्हणजे 180. आता सिरप 5 एमएलमध्ये 125 चं असेल तर 7.2 एमएल आणि 250 चं असेल तर 3.6, म्हणजे बाटली न बघता दिलं तर थेट दुप्पट जाऊ शकतं. वजन आजचं घ्या, दशांश चिन्ह नीट बघा आणि दुसऱ्या सिस्टरकडून चेक करून घ्या, कितीही सिनियर असलात तरी.

एसएनसीयू_जिल्हा
ब्रदर, मला नाही पटत, ज्याला नवजात बाळांचं वेड आहे त्याने सरळ तिकडेच जावं. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) लागलात तर चार दिवसांचं एफबीएनसी (हॉस्पिटलमधली नवजात बाळांची देखभाल) ट्रेनिंग आणि दोन आठवडे मोठ्या युनिटमध्ये ऑब्झर्व्हरशिप (बघून शिकणं) असते. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) जागा कंत्राटी असतात हे धरून चला. कोर्स म्हणाल तर नर्सिंग कौन्सिलचा पोस्ट बेसिक डिप्लोमा इन निओनेटल नर्सिंग आहे, एक वर्षाचा, जीएनएमवाल्यांनाही चालतो. पण आधी नोकरी बघा, एनआरपी (जन्मलेल्या बाळाचा श्वास सुरू करण्याचं ट्रेनिंग) आणि पाल्स (मुलांचा जीव वाचवण्याचं ट्रेनिंग) करून ठेवा, सहा महिने हात बसू दे, मग डिप्लोमा केला तर शिकवलेलं डोक्यात जातं. इंटरव्ह्यूत पगार कमी सांगतील, फ्रेशर धरू बघतील, तेव्हा व्हेंटिलेटरचा अनुभव लेटरवर लिहून न्या आणि अडून बसा.

रातपाळी_नाशिक
खूप खूप आभार सगळ्यांचे, वही काढून लिहून घेतलं. घरच्यांचं काय ते कोणी सांगाल का, बाळ गेलं तर…

वॉर्मरवाली_ताई
जातात सिस्टर, आणि त्रास होतो, कोणी नाही म्हटलं तरी. पण तुमच्या आयसीयूत नातेवाईक काचेबाहेर असतात, इथे आई आत असते आणि तिला काम असतं. ती दूध काढून आणते, आपण तिला पळीने पाजायला शिकवतो, केएमसीला (कांगारू मदर केअर) बाळ तिच्या छातीवर त्वचेला त्वचा लावून बांधून देतो, आणि तिथे बाळाचा श्वास सुधारलेला मॉनिटरवर आपल्याला दिसतो. टाक्याचं दुखणं सोसून खुर्चीत बसलेल्या आईशी कसं बोलायचं हे कुठल्या कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत. "बाळ बरं आहे" असं मोघम सांगू नका, काल 1180 ग्रॅम होतं आज 1195 झालं असं सांगा, तिला तेच हवं असतं. आणि वाईट असेल तेव्हा डॉक्टर सांगून गेल्यावर तिच्याजवळ थांबा, तेवढ्या वेळ दुसरीला तुमची बाळं बघायला सांगा, आमच्याकडे सगळ्या तसंच करतात.

तुमच्या हॉस्पिटलला एनआयसीयू असेल तर मेट्रनना अर्ज द्या की रिलीव्हर ड्युटी तिकडेच लावा, महिनाभरात तुमचं तुम्हालाच कळेल.