लाज काढल्यानं वजन उतरतं का? (कालच्या पोस्टला उत्तर)

पहाटपाखरू

काल इथं एका सद्गृहस्थांची पोस्ट आली. सार असं, की मित्रांनी 'ढोल्या' म्हणून चिडवलं, लाज वाटली, आणि आठ महिन्यांत अठरा किलो उतरवले. म्हणून बॉडी शेमिंगच्या नावानं रडणं बंद करा, लाज हेच सगळ्यात स्वस्त औषध आहे. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहून राहिले.

मी नागपूरच्या प्रतापनगरात राहते, वय ४१. २०१९ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की साखर सीमेवर आहे, रोज चाला. मी बूट घेतले आणि सकाळी साडेसहाला अंबाझरी तलावावर जायला लागले. तिसऱ्या आठवड्यात दोन पोट्टे गाडीवरून आले. मागचा ओरडला, "बाजूला व्हा बे, रोडरोलर आला!" बाकावरचे चार काका हसले. रोज मला नमस्कार करणारे काका. मी तिथूनच मागं फिरले. बूट खोक्यात घालून दिवाणाखाली सरकवले, ते अडीच वर्षं तिथंच राहिले. त्या अडीच वर्षांत मी ७८ ची ९१ किलो झाले आणि साखर सीमा ओलांडून गेली.

आता पुन्हा चालते. पावणेपाचला, अंधारात, कुत्र्यांसाठी हातात काठी घेऊन. उजाडायच्या आत घरी येते, कारण उजेडात कोणी बघेल.

हे माझ्या एकटीचं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०१४ चा अभ्यास आहे. पन्नाशी ओलांडलेली २,९४४ माणसं, चार वर्षं. वजनावरून वाईट वागणूक मिळते असं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोनं वाढलं, बाकीच्यांचं ०.७१ किलोनं उतरलं. आकडे लहान आहेत, पण दिशा बघा. त्या सद्गृहस्थांचे अठरा किलो उतरले, त्यांचं अभिनंदन. ज्यांचे बूट दिवाणाखाली गेले, ते इथं पोस्ट लिहायला येत नाहीत.

वर्धारोडवाला

ताई, त्या पोट्ट्यांचं वागणं नालायकपणाचंच होतं. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मला मान्य नाही.

माझे वडील ११० किलोचे होते. घरात त्यांना कधी कोणी शब्दानं दुखावलं नाही. 'खात्यापित्या घरचा माणूस' म्हणून कौतुकच व्हायचं. पन्नाशीनंतर मधुमेहानं आधी पायाचं बोट गेलं, मग घोट्यापर्यंत पाय गेला. ५७ व्या वर्षी ते गेले. आम्ही सगळे गोड बोलत राहिलो आणि माणूस हातचा गेला. त्यामुळे कोणी म्हणालं की जाड माणसाला काही बोलू नका, तर माझं डोकं फिरते.

आणि तो अभ्यास मीही वाचला आहे. २,९४४ पैकी जेमतेम ५ टक्के लोकांनी वाईट वागणूक सांगितली. वजन वाढलं म्हणून लोक बोलले, की लोक बोलले म्हणून वजन वाढलं, हे त्यात सिद्ध होत नाही. तो करणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही.

पहाटपाखरू

मग २०१३ चा अमेरिकेतला घ्या. सहा हजारांवर माणसं. २००६ मध्ये विचारलं, २०१० मध्ये पुन्हा मोजलं. सुरुवातीला जे लठ्ठ नव्हते, त्यांच्यातल्या वजनावरून भेदभाव सोसलेल्यांची लठ्ठ होण्याची शक्यता बाकीच्यांच्या अडीच पट निघाली. इथं बोलणी आधी आणि चरबी नंतर. हाही शंभर टक्के पुरावा नाही, कबूल. पण लाजेनं माणसं बारीक होतात असं दाखवणारा एक तरी अभ्यास तुम्ही दाखवा.

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण गप्प बसणं आणि अपमान करणं, एवढे दोनच रस्ते आहेत का हो?

मेडिकलचौक

पंचवीस वर्षं नर्सिंग केलं, म्हणून बोलते. एका ठिकाणी वजनकाटा व्हरांड्यात असायचा आणि मोजणारा आकडा मोठ्यानं ओरडायचा, पलीकडे लिहिणाऱ्याला ऐकू जावा म्हणून. एक बाई काट्यावर चढताना मला म्हणाली, "सिस्टर, हळू सांगाल का?" मी काही बोलायच्या आत त्यानं ओरडून सांगितलं, "शहाण्णव!" रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. ती काट्यावरून उतरली, चप्पल घातली आणि सरळ गेटबाहेर गेली. त्या दिवशी तिचा बीपी मोजायचा राहिला, साखरही तपासायची राहिली. पुढच्या खेपेला आली ती तळव्याला जखम घेऊन. मधे सात-आठ महिने गेले होते.

वर्धारोडवाले भाऊ, तुमच्या बाबांसारखे पाय मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातले बरेच जण 'पुन्हा बोलणी खावी लागतील' म्हणून उशिरा आलेले असायचे.

इतवारी_कट्टा

तुम्ही सगळे शब्दांवर भांडून राहिले, आणि मूळ रोग तेल आहे. तर्री पोहे बघा. पोहे बिचारे हलके. त्यावर हरभऱ्याची तर्री, वरून तेलाचा लाल थर, वरून शेव. सकाळी आठला माणूस टपरीवर उभ्या उभ्या हे खातो आणि नंतर 'मला कोणी जाड म्हणू नका' म्हणतो. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या एम्सच्या कॅन्टीनमध्ये तेल-साखरेचे फलक लावायचं ठरलं, तेव्हा समोसा-जिलेबीवर बंदी आली म्हणून केवढा गोंधळ! बंदी नव्हतीच. कशात किती तेल, किती साखर, एवढंच लिहायचं होतं. तेही लोकांना सोसवलं नाही.

कोष्टीपुरा

तर्रीला काही बोलायचं काम नाही. आणि आता सावजीवर घसराल, म्हणून आधीच सांगतो. सावजी हे हलबा कोष्ट्यांचं, मागावर बसणाऱ्यांचं जेवण आहे. माझा आजा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत माग चालवायचा. पाय, हात, खांदे सगळे चालत. तेल असायचं जवसाचं, आणि मटण पंधरा दिवसांतून एकदा. आजा काडीसारखा बारीक होता आणि ८३ वर्षं जगला. माग बंद पडले, लोक खुर्चीत बसले, रोज हॉटेलात जाऊन 'झणझणीत द्या' म्हणायला लागले. यात रश्शाचा काय दोष?

इतवारी_कट्टा

दोष देत नाही भाऊ, मोजायला सांगतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. वाटीभर तर्रीत किती चमचे तरंगतात? २०२५ च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही दहा टक्के तेल कमी करा म्हटलं. आपल्याकडे गोळाभातावर फोडणीचं तेल धारेनं ओतल्याशिवाय पंगत उठत नाही.

कोष्टीपुरा

गोळाभात वर्षातून किती वेळा करता हो घरी? बिस्किटं, चिप्स, थंडपेयं रोज पोटात जातात, त्यावर कोणी बोलत नाही. गरिबाचा रस्सा दिसला की सगळ्यांना आरोग्य आठवते! हेही शेमिंगच आहे. आधी माणसाला लाज वाटायला लावता, मग त्याच्या ताटाला.

वर्धारोडवाला

तर्री काढून कोरडे पोहे खाल्ले तर कोण मरते? मी दोन वर्षं तसेच खातो.

कोष्टीपुरा

मग त्याला तर्री पोहे म्हणू नका. कांदेपोहे म्हणा आणि पुण्याला जा.

इतवारी_कट्टा

वैयक्तिक होऊ नका. इथं चर्चा सुरू आहे.

कोष्टीपुरा

सुरुवात कोणी केली? माझा बाप अजून मागाच्या गोष्टी सांगतो, त्याच्या जेवणाला रोग म्हणाले तुम्ही. ते वैयक्तिक नाही?

सदरची_बाई

तर्री बाजूला ठेवा जरा. मला दुसरंच सांगायचं आहे. जाड लोकांना बोलणी बसतात हे सगळे लिहितात. मी आयुष्यभर 'काडी' ऐकलं. उंची साडेपाच फूट, वजन ४७. पाहुणे बघायला आले की आई मला दोन परकर घालायला लावायची. एका मुलाच्या मावशीनं माझं मनगट चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं होतं. ते मनगट मी अजून लांब बाहीत झाकते, मेच्या उन्हातसुद्धा.

दोन वर्षं सारखा थकवा यायचा, रात्री चारदा उठायला लागायचं. 'बारीक माणसाला कुठली शुगर!' म्हणून कोणी तपासलं नाही, मीही नाही. निघाली ती भलतीच वाढलेली. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. म्हणून तर आपल्याकडे लठ्ठपणाची रेघ ३० ऐवजी २५ वर ओढतात. नुसतं बघून कोणाची तब्येत कळत नाही, मग चिडवणाऱ्याला काय कळणार?

वर्धारोडवाला

हे माहीत नव्हतं. मान्य. पण बारीक माणसालाही मधुमेह होतो, म्हणून जाड माणसाचा धोका कमी होत नाही. एका खऱ्या गोष्टीनं दुसरी झाकू नका.

पहाटपाखरू

कोण झाकतंय? धोका मला माहीत आहे भाऊ, रोज सकाळी गोळी घेते ना! जगातल्या जाड माणसाला आपण जाड आहोत हे माहीत नसतं, आणि तुम्ही सांगितल्यावरच कळतं, असं का वाटतं तुम्हाला? ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा शिंपी छातीचं माप दुकानभर ऐकू जाईल असं सांगतो. रिक्षावाला म्हणतो, "ताई, मधोमध बसा." लग्नात ताट वाढून घेतलं की शेजारची आधी ताटाकडे बघते, मग माझ्याकडे. दिवसातून दहा वेळा कळतं मला. अकराव्यांदा तुम्ही सांगून काय नवीन होणार? आणि घरी आल्यावर काय होतं तेही सांगते. फ्रिज उघडते. भूक नसते. पोट भरलेलं असतं, तरी उभ्यानं खाते, लाइट न लावता.

वर्धारोडवाला

आवाज चढवून मुद्दा खरा होत नाही.

मेडिकलचौक

भाऊ, तिनं मुद्दाच सांगितला. पुन्हा एकदा वाचा.

कोष्टीपुरा

हाव, बरोबर आहे. ताई, तर्रीच्या नादात तुमचा धागा भरकटवला, माफ करा. जवसाचं मात्र मी मागं घेत नाही.

वर्धारोडवाला

रात्रीचे पावणेबारा झाले. दोनदा लिहून खोडलं.

घरात वडिलांना कोणी बोललं नाही, असं मी वर लिहिलं. ते पूर्ण खरं नाही. पाय जायच्या तीन वर्षं आधी चुलतबहिणीच्या लग्नात पंगत बसली होती. बाबांनी वडाभात दुसऱ्यांदा घेतला. मी वाढत होतो. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, आता खुर्ची तुटेल." पंगत हसली, बाबाही हसले. वडाभात तसाच ठेवून ते उठले. पानात काही टाकणारा माणूस नव्हता तो.

त्यानंतर ते घरात दीड पोळीच खायचे. आई खूश होती. मीही म्हणायचो, बघा, बोलल्याचा परिणाम झाला. ते गेल्यावर स्कूटर विकायला काढली, तेव्हा डिक्कीत संत्रा बर्फीची चार रिकामी खोकी निघाली, एकात एक नीट बसवलेली. आईला हे अजून सांगितलं नाही.

याचा अर्थ तुमचं सगळं मान्य केलं, असा होत नाही. डॉक्टरनं स्पष्ट बोललंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पहाटपाखरू

स्पष्ट बोलण्याला माझा विरोध कधीच नव्हता, भाऊ. २०१९ मध्ये माझ्या डॉक्टरांनी दार लोटून घेतलं, मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "उपाशीपोटी साखर ११८ आहे. अजून हातात आहे, काय करता येईल ते बघू." त्याच संध्याकाळी मी सीताबर्डीला जाऊन बूट घेतले होते.