मदत हवी आहे: डिसेंबरात मुलांना घेऊन दिल्ली

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे, नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदाच दिल्लीला जातोय, मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं, मोठा नऊ वर्षांचा आणि धाकटी पाच. मडगावहून राजधानीचं तिकीट झालंय, निजामुद्दीनला उतरणार, हाती फक्त चार दिवस आहेत. सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम, रेल्वे म्युझियम सगळंच बंद असतं म्हणून त्या दिवशी कुतुबमिनार आणि इंडिया गेट ठेवलंय, बरोबर आहे ना? मुलाला रेल्वेचं भयंकर वेड, चाणक्यपुरीच्या म्युझियममधल्या छोट्या गाडीत बसायचंय म्हणून त्याने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलेत. आग्र्याला एका दिवसात जाऊन यावं का? शुक्रवारी ताज बंद असतो ते माहितीये, पण धुक्यात पहाटेची गाडी पकडायची म्हणजे पोरांचे हाल होतील असं मला वाटतं.

खरी काळजी थंडीची आणि हवेची आहे. आमच्याकडे स्वेटर कपाटात तसेच पडून असतात, धाकटीचा तर अजून घेतलेलाच नाही, आणि तिला जरा धूळ लागली की रात्रभर खोकते. इथूनच जाड कपडे घ्यावेत की तिथे स्वस्त मिळतात? सासूबाईंचे गुडघे दुखतात, तर मेट्रोने फिरणं जमेल की दिवसभराची गाडी करावी? राहायला करोलबाग बरं की पहाडगंज? लहान मुलांना घेऊन कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, हॉटेलचं बुकिंग याच आठवड्यात करायचंय.