मदत हवी आहे: विद्युतक्षेत्रात डीएनएच्या शोषणाचा हिशेब जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी इलेक्ट्रिक डायक्रोइझम मोजतेय, म्हणजे विद्युतक्षेत्रात रेणू वळले की क्षेत्राला समांतर आणि लंब ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या शोषणात पडणारा फरक. वासराच्या थायमसमधला डीएनए, सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी) दीडशे-दोनशे बेसजोड्यांचे तुकडे केलेला. २६० नॅनोमीटरला शोषण ०.८, बफरमध्ये १० मिलिमोलर मीठ. दोन प्लॅटिनम प्लेटींमध्ये १० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर, १०० मायक्रोसेकंदांचा पल्स, लागोपाठ १६ पल्सची सरासरी.

थिअरी समजलीय (असं वाटत होतं). रेणूचा अक्ष क्षेत्राच्या दिशेने वळतो. बेस मात्र अक्षाला जवळजवळ काटकोनात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, आणि २६०चा प्रकाश ते स्वतःच्या प्रतलातच शोषतात. म्हणजे क्षेत्राला समांतर ध्रुवित प्रकाशाचं शोषण जितकं घटेल, त्याच्या निम्म्याने लंब प्रकाशाचं वाढायला हवं. माझं समांतर ०.१० ने घटतं आणि लंब ०.०८ ने वाढतं!

पोलरायझर (प्रकाश ध्रुवित करणारा भाग) काढून, पुसून, पुन्हा शून्य लावून तीनदा बघितलं. सर म्हणतात, "अलाइनमेंट बघ." चार दिवस तेच बघतेय.

प्रतिसाद: पोलरायझर क्षेत्राशी ५४.७ अंशांवर ठेवून बघितलंस का? त्या कोनात रेणू कितीही वळले तरी शोषण हलायला नको.

धागाकर्ती: आत्ताच बघितलं. ०.०२ ने वाढतं. पल्स संपल्यावरही खाली येत नाही.

प्रतिसाद: मग सापडलं. वळलेले एवढे छोटे तुकडे काही मायक्रोसेकंदांत पुन्हा विस्कटतात. मागे उरतेय ती उष्णता. १० मिलिमोलर मीठ या क्षेत्रात एका पल्सला साधारण ३ अंश तापतं, तू तर सोळा मारतेयस! डीएनएची वेणी उसवायला लागली की बेस जास्त शोषतात, दोन्ही दिशांना सारखंच. दोन्हींतून ०.०२ वजा कर: समांतर −०.१२, लंब +०.०६. पोलरायझर बिचारा निर्दोष आहे.

मीठ १ मिलिमोलरवर आण. उष्णता दहापट कमी होईल, आणि रेणू वळेलही जास्त, कारण त्याला वळवतो तो भोवतालच्या आयनांचा ढग, जो क्षेत्रात सरकतो. (डीएनएचे दोन धागे उलट दिशांचे, त्यामुळे कायमचा द्विध्रुव, म्हणजे एक टोक धन आणि दुसरं ऋण असं काही, फारसा उरत नाही.) पल्स छोटा कर, मध्ये दम घे. पण उत्साहात नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊ नकोस, मीठ जितकं कमी तितकी वेणी कमी तापमानाला उसवते.

धागाकर्ती: अरे देवा, डिस्टिल्ड वॉटरच घेणार होते. १ मिलिमोलरला डायलिसिस (पडद्यातून मीठ बाहेर काढणं) लावलंय, सकाळी कळवते.