मुलीच्या लग्नात पेस्टल थीम, सासूबाईंचं इरकल आणि यांचा पासपोर्टचा चेहरा

सोलापूरची_काकू:

नमस्कार मंडळी. डिसेंबरात धाकटीचं लग्न आहे, इथेच सोलापुरात. व्याही नागपूरचे. हॉल, केटरर, भटजी सगळं ठरलंय. अडलंय ते फोटोंवर. हसू नका.

लेकीने घरच्या ग्रुपवर रंगांची एक पट्टी टाकली. पिस्ता, पीच आणि तिसरा एक रंग, ज्याला ती लव्हेंडर म्हणते आणि माझी जाऊ वांग्याचं पाणी म्हणते. सीमांतपूजनाला घरच्या सगळ्यांनी यातलंच काहीतरी घालायचं, म्हणजे फोटो चांगले येतात म्हणे.

आता सासूबाई. वय ८१. जन्मभर नऊवारी इरकल, लाल टोप पदर (लालावर पांढऱ्या नक्षीचा) आणि खणाची चोळी. त्यांना पिस्ता रंगाची साडी दाखवली तर बोटांनी चाचपून म्हणाल्या, "पोत चांगलंय. पण विटलंय की गं." पुढे बोलणंच खुंटलं.

दुसरे आमचे हे. एरवी पानपट्टीवर उभे राहिले की तासभर हलत नाहीत, इतके गप्पिष्ट. कॅमेरा समोर आला की दोन्ही हात मांड्यांना चिकटतात, छाती पुढे, डोळे मोठे. थोरल्याच्या लग्नाचा अल्बम उघडा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकच चेहरा, सदरा तेवढा बदलतो. "काका, जरा नॅचरल" असं कुणी म्हटलं की आणखी ताठ.

आणि मी. त्याच लग्नात पैठणीवरचा ब्लाउज दंडात इतका आवळ शिवला गेला होता की हात वर जाईना. सुनेला ओवाळतानाच्या फोटोत ताम्हण माझ्या पोटाशी आहे आणि सून खाली वाकून स्वतःच ओवाळून घेतेय असं दिसतं. वर नथ चावत होती. सगळ्या फोटोंत शेजारचं भांडण कान देऊन ऐकतेय असा चेहरा आलाय.

हे तिन्ही कसं निस्तरावं? अनुभवाचं सांगा. "आतून आनंदी राहा" वगैरे नको.

कमी_साखर:

काकू, चांगला कँडिडवाला फोटोग्राफर घ्या आणि विसरून जा. तो बघतो सगळं.

सोलापूरची_काकू:

बाबा रे, घेतलाच आहे. रंगांची पट्टी त्यानेच पाठवली.

टोरांटोची_वहिनी:

काकू, आम्ही हे करून पस्तावलोय. दिराच्या लग्नाला इथून पुण्याला गेलो. हळदीला बायकांनी शेवाळी रंग घालायचा असं ठरलं. मी ऑनलाइन मागवली, नणंदेने लक्ष्मी रोडवरून घेतली, एकीने मावशीची मागून आणली. हॉलच्या ट्यूबलाइटखाली सहा जणींचे सहा रंग. माझी साडी तर सिमेंटची दिसत होती. एकच रंग ठरवला की जरासा फरकही डोळ्यात खुपतो. वेगवेगळे रंग असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी लग्नात मात्र जिने तिने आपापल्या कपाटातली काठापदराची नेसली. वरमाईची मोरपिशी, माझी जांभळी नारायणपेठ, आत्याबाईंची चिंतामणी. फ्रेम करून लावलाय तो त्या दिवसाचा. मुलीला सांगा, रंग ठरवण्यापेक्षा "सगळ्यांनी काठापदराचं, टिकल्या-चमकीचं कुणी नाही" एवढंच ठरव.

आणि हो, आजींच्या इरकलला हात लावू नका.

मिरजेचा_फोटोवाला:

ताई, २६ वर्षं लग्नं काढतोय. रोलवर सुरुवात केली, ३६ फोटोंत माणसांपेक्षा बटणावरचं बोट जास्त थरथरायचं. म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी रंग. फिकट रंग वाईट नाहीत, तुमच्या लेकीचं अगदीच चुकत नाही. भडक पोपटी किंवा झगझगीत राणी रंग शेजारी असला की त्याची छटा हनुवटीखाली चढते, गळा हिरवा नाहीतर गुलाबी दिसतो. फिकट रंगांत तो त्रास नाही. पण सगळेच फिकट आणि मागे पांढऱ्या फुलांची भिंत, मग माणसं भिंतीत विरघळतात. आजींना लाल पदरासकट मधल्या खुर्चीवर बसवा आणि बाकीचे पिस्ता-पीच त्यांच्या भोवती उभे करा. बघणाऱ्याची नजर थेट आजींवर जाईल. लेकीची थीमही राहिली आणि तुमचं घरही राहिलं.

पुरुषांनी बारीक चौकड्यांचे आणि बारीक रेघांचे शर्ट टाळावेत. कॅमेऱ्यात त्यावर पाण्यासारख्या लाटा उठतात, नंतर काढायला नाकी नऊ येतात. पातळ झब्ब्याखालून बनियनची पट्टी दिसते, तेही बघून घ्या. आणि खिसे रिकामे करा! मोबाइल, पेन, चष्म्याचं घर, हॉलच्या किल्ल्या. मी माझ्या हाताने लोकांचे खिसे रिकामे केलेत.

साडी नवी असेल तर फॉल-पिको करून आणल्यावर घडी मोडून इस्त्री करून घ्या, नाहीतर घडीच्या चौकोनी रेघा प्रत्येक फोटोत दिसतात. मग घरी दोन तास नेसून वावरा. स्वयंपाक करा, खाली बसा, हात वर करून फळीवरचा डबा काढा. डबा निघाला नाही तर ब्लाउज उसवा. नथ चापाची हलकी घ्या. मोठी नथ वरच्या ओठावर सावली टाकते आणि बाई हसताना नाक सांभाळते, ते दिसतं.

आता दाजी. त्यांना "नॅचरल व्हा" म्हणणाऱ्याला आधी गप्प करा. हात रिकामे असले की माणसाला ते कुठे ठेवावेत कळत नाही, मग ते मांडीला चिकटतात आणि पाठोपाठ चेहराही आवळतो. हाताला काम द्या. सीमांतपूजनात जावयाचे पाय धुणं, खांद्यावर उपरणं टाकणं, कन्यादानाला ओंजळ धरणं, तुम्ही वरून पाण्याची धार सोडणं, ही सगळी हातांचीच कामं आहेत. तिथे कुणी त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला लावू नये, एवढंच फोटोग्राफरला बजावा. "काका इकडे बघा" म्हटलं की विधी थांबतो आणि पुन्हा पासपोर्ट. नुसतं उभं राहायची वेळ आलीच तर वजन एका पायावर, एक हात आईच्या खुर्चीच्या पाठीवर. मला एक सांगा, दाजींचा एकही चांगला फोटो घरात नाही का? असेल तर त्यात त्यांचे हात काय करतायत ते बघा.

डेकोरेशनवाल्याकडून एक कबूल करून घ्या. विधी चालू असताना स्टेजवरच्या निळ्या-जांभळ्या लाइटी बंद. त्या प्रकाशात माणूस गारठलेला दिसतो आणि मागून कितीही रंग सुधारले तरी कातडीचा रंग परत येत नाही. समोरून थेट फ्लॅश मारला की साडीची जर पांढरी फटक पडते, तेव्हा लाइट बाजूने किंवा छतावरून परतवून घ्यायला सांगा. छत काळं असेल तर परतवण्याचा उपयोग नाही, हॉल बघायला जाल तेव्हा मान वर करून बघा.

ग्रुप फोटो मंगलाष्टकांच्या आधी तासभर उरका. आहेराची रांग संपेपर्यंत कुणाच्या चेहऱ्यावर काही शिल्लक राहत नाही, आणि मुलीची आई तर कोठीघराची किल्ली शोधत असते. माझ्याकडच्या कितीतरी अल्बममध्ये मुलीच्या आईचे फोटो सगळ्यांत कमी आहेत. नावांची यादी करा आणि मोठ्या आवाजाचा एक भाचा हाका मारायला नेमा. रांगेच्या दोन्ही टोकांना अंगाने भरलेली माणसं नकोत, जवळून रुंद लेन्सने काढलं की कडेचा माणूस आडवा ताणला जातो. मोबाइलवर ०.५ दाबणाऱ्या पुतण्याला मागे सरकून १ वर काढायला सांगा. डोळे मिटणारे घरोघरी असतात. सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि "तीन" म्हटल्यावर उघडायचे, लगेच क्लिक.

सोलापूरची_काकू:

भाऊ, तुमचं पुढचं सगळं अजून वाचायचं होतं, त्याआधीच दाजींच्या फोटोपाशी थांबले आणि उठून भिंतीकडे गेले.

आमच्याकडे गड्ड्याच्या यात्रेतला एक फोटो आहे. बाहेरच्यांसाठी सांगते, इथे संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न. उंच नंदीध्वज निघतात आणि मानकरी-भक्त पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, घालतात. आमचे हेही घालतात. त्या फोटोत यांचे दोन्ही हात नंदीध्वजाला आहेत, मान वर, तोंड उघडं, कुणावर तरी ओरडतायत. कॅमेरा कुठे आहे याचा पत्ताच नाही. काय देखणे दिसतात! माझ्या भाच्याने मोबाइलवर काढलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा त्यांचा एकमेव फोटो जो मी स्वतःहून फ्रेम करून आणला.

मग रविवारी सकाळी तालीम केली. सगळे मिळून सिद्धेश्वरला दर्शनाला गेलो. भाच्याला म्हटलं, सांगू नकोस, नुसते काढ. सासूबाईंना पायऱ्या उतरायला जमत नाही, यांनी त्यांचा हात धरला, एक पायरी, थांब, एक पायरी. मागे तळ्याचं पाणी, पलीकडे किल्ल्याचा तट. लेकीने फोटो पाहिले आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, आजी इरकलच नेसेल.

मी हरखून विचारलं, अहो, मग लग्नातही बाराबंदीच घाला की. तर म्हणाले, "ते देवाचं. फोटोसाठी नाही." बरोबर आहे. पांढरं धोतर आणि साधा झब्बा ठरला.

एक अडचण उरली. यांचा चष्मा उन्हात काळा होतो. तळ्याकाठच्या सगळ्या फोटोंत आईचा हात धरलेला गुंड दिसतोय.

मिरजेचा_फोटोवाला:

ताई, ती काच उन्हातल्या अतिनील किरणांनी काळी होते, आणि आत आल्यावर पुन्हा साफ व्हायला काही मिनिटं घेते. म्हणजे वरातीतून हॉलमध्ये आले की पहिले फोटो गेले. त्याच नंबरच्या साध्या काचांचा एक स्वस्तातला चष्मा करून घ्या, चकाकी न येणारं कोटिंग तेवढं सांगा. तरी लाइट चमकलीच तर काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. चष्मा काढून ठेवायला मात्र लावू नका. नाकावरचे वळ दिसतात आणि माणूस परका वाटतो.

टोरांटोची_वहिनी:

काकू, वांग्याचं पाणी कुणी नेसणार आहे का शेवटी?

सोलापूरची_काकू:

जाऊच नेसणार आहे! तिलाच सगळ्यांत खुलून दिसला तो रंग, आता स्वतः लव्हेंडर म्हणते.

माझा ब्लाउज उसवायला दिलाय, टेलर गुरुवार म्हणतो, म्हणजे पुढचा सोमवार धरा. चापाची नथ पाहिली, वजनाला चिमणीच्या पिसासारखी, पण सासूबाईंना ती खोटी वाटते. त्यांनी काल कँडिडवाल्याला फोनवर स्वतः सांगितलं, "माझा पदर पुढून घे बाळा. टोप पदर आहे, मागं गेला तर काय दिसणार?" तो "हो आजी" म्हणाला. टोप पदर काय असतो ते त्याने नंतर मला फोन करून विचारलं.