मदत हवी आहे: सदाशिव पेठ ते वारजे, जड सामानासाठी भरवशाचे हमाल

सामान कमी आहे, पण जड: साडेसहा फुटी लोखंडी कपाट, डबल डोअर फ्रीज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि सागवानी दिवाण. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि वळणाचा. वारज्यात लिफ्ट आहे, पण कपाट तिच्यात मावणार नाही, तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच.

एक छोटा हत्ती पुरेल. अडचण माणसांची आहे. कपाटाला चार जण आणि दोर हवेतच. दोघांत उतरवलं की वळणावर पत्रा पिचकतो आणि मग दारं लागत नाहीत. कप्पे काढून, दारं बांधून ठेवू. मशीनचे ट्रान्झिट बोल्ट सापडलेत, ड्रम आवळूनच देऊ. फ्रीज उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, मग कित्येक तास उभा ठेवल्याशिवाय चालू करता येत नाही. हे आधीच माहीत असलेले लोक हवेत, दर वेळी समजावत बसायला नको.

फोनवर कमी दर सांगून, सामान गाडीत चढल्यावर ‘मजल्याचे वेगळे’ म्हणणारे नकोत. व्हिडिओ कॉलवर सामान आणि दोन्ही जिने बघून मजले, हमाली, गाडी सगळं धरून लेखी आकडा देणारं कुणी आहे का? निम्मे पैसे सामान उतरल्यावर.

स्वतः काम करून घेतलं असेल तरच सुचवा. किती माणसं आली आणि शेवटी किती दिले तेही लिहा. शक्यतो महिनाअखेर टाळून, आठवड्याच्या मधल्या वारी.