‘लाइकली’ म्हणजे नुसतं ‘शक्य’ नव्हे

इंग्रजीतल्या ‘लाइकली’ (likely) या शब्दाचा अर्थ मराठीत कुणी नुसता ‘शक्य’ असा देतं, तो मला अपुरा वाटतो. शक्य तर पुष्कळ काही असतं. लाइकली म्हटलं की पारडं घडण्याकडे झुकलेलं असतं. हवामानबदलाचे अहवाल काढणाऱ्या आयपीसीसीने तर याला आकडेच बांधून दिलेत: लाइकली म्हणजे किमान ६६ टक्के, व्हेरी लाइकली ९०, एक्स्ट्रीमली लाइकली ९५. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे, याबद्दल २००७च्या अहवालात ‘व्हेरी’ होतं, २०१३मध्ये ‘एक्स्ट्रीमली’ झालं. एवढा मोठा फरक, आणि मराठीत दोन्हींना नुसतं ‘शक्यता’ म्हणायचं? हे खटकतं. बाकी, शेवटी क्रियाविशेषणांसारखा ‘ली’ असला तरी ‘इट इज लाइकली टू रेन’मध्ये ते विशेषणच आहे. तिथे मी ‘पावसाची दाट शक्यता’ म्हणेन.