नाकाचं ऑपरेशन : श्वास आणि आकार एकाच वेळी करून घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय 23. कबड्डी खेळताना समोरच्याचा गुडघा नाकावर बसला होता, त्याला बरीच वर्षं झाली. नाक डावीकडे कललंय, मधल्या हाडावर उंचवटा आलाय आणि डावी नाकपुडी जवळपास बंदच असते. रात्रभर तोंडाने श्वास घेतो, सकाळी घसा कोरडा ठाक. डावा गाल बोटांनी बाहेरच्या बाजूला ओढून धरला की मात्र लगेच मोकळं वाटतं म्हणतो.

दोन कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. पहिले म्हणाले, फक्त सेप्टोप्लास्टी करू, आतला पडदा सरळ झाला की पुरे. दुसऱ्यांचं म्हणणं, नाक बाहेरूनच वाकडं आहे, नुसता पडदा सरळ करून भागणार नाही, सेप्टोराइनोप्लास्टी करा, म्हणजे पडदा आणि बाहेरचा आकार दोन्ही एकदम. गाल ओढल्यावर मोकळं वाटतं म्हणजे पडद्याच्या जोडीला नाकाची बाजूची भिंतही आत दबलेली असू शकते, असं त्यांनी समजावलं.

भीती उंचवट्याची आहे. तो तासला की नाकाच्या वरच्या कूर्चांचा (मऊ, लवचिक हाडांचा) आधार सुटतो, त्या आत झुकतात आणि मुळातच अरुंद असलेली जागा आणखी चिंचोळी होते. तसं होऊ नये म्हणून पडद्याच्या दोन्ही अंगांना कूर्चेच्या पट्ट्या बसवतात, स्प्रेडर ग्राफ्ट. ही कूर्चा पडद्यातूनच काढतात, पण वरची आणि पुढची साधारण 1 सेंमी पट्टी ठेवावीच लागते, नाहीतर नाक मधोमध खचतं. म्हणजे आत्ता फक्त पडद्याचं केलं आणि त्यात कूर्चा काढली गेली, तर पुढे आकारासाठी कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागेल. ‘आधी श्वासाचं बघू, दिसण्याचं नंतर’ हे मला म्हणूनच पटत नाही.

आईचं म्हणणं, मुलाच्या जातीला नाकाचं काय एवढं! पण हा मुलगा लग्नकार्यातही फोटोची वेळ आली की बाजूला सरकतो. चेहरा त्याचा आहे, त्याला तो नीट हवाय, यात गैर काय?

तुमच्यापैकी कोणी दोन्ही एकदम करून घेतलंय का? श्वासात खरंच फरक पडला का, आणि वर्षभराने सूज पूर्ण उतरल्यावरही तो टिकला का? सर्जनला नेमकं काय विचारावं? मेडिक्लेममध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया बसत नाही, पण अपघातानंतरची दुरुस्ती बसू शकते असं पॉलिसीत लिहिलंय. दुखापतीच्या वेळचे केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवलेत. ते जोडून क्लेम मंजूर झालेलं कोणी आहे का?

नाशिक किंवा पुण्यात हे काम नेहमी करणारे डॉक्टर माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा. दिवाळीनंतरची तारीख घ्यायचा विचार आहे.